पाच वर्षं पुरी व्हायच्या आत

आयुष्यात सगळ्यात जास्त मी कशाला घाबरले असेन, तर माझ्या मुलीच्या वाढण्याला. ऐकायला हे विचित्र वाटेल. इतर आया पोरांना तूप चारतात, दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा मारतात, शेजारणीला कौतुकानं दाखवतात. मी मात्र दीड वर्ष ती वाढू नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. त्याला कारण एक कायदा, एक गुरुजी आणि माझा स्वतःचा अतिशहाणपणा.

माझं सासर शिरूरकडचं, घोड नदीच्या काठी. उसाचं रान, दारात बैलजोडी, थोरले दीर सोसायटीचे चेअरमन आणि त्यांच्याकडं जीप. माहेर दौंडचं. आई मी सातवीत असतानाच गेली, आणि वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेत गँगमन. लग्नात आप्पांना वाटलं, पोरीनं नशीब काढलं. नवरा हात उचलायचा. हे आता मी तीन शब्दांत लिहून मोकळी झाले, पण ते सहा वर्षं चाललं. अंगणात त्याच्या वहाणा वाजल्या की मी स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पाठीमागं भिंत असली की मार एकाच बाजूनं येतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी घर सोडलं ते माझ्या धाडसामुळं नाही. आणीबाणी उठायच्या आधीची दिवाळी होती. त्यानं माझ्यावर भिरकावलेला तांब्या मला न लागता पोरीच्या कपाळाला लागला. पोरीला तेव्हा चार वर्षं पुरी व्हायलाही काही महिने होते. दुसऱ्या दिवशी ती झोपेतून उठली, तिच्या कपाळावरचं टेंगूळ मी पाहिलं, आणि तिला कडेवर घेऊन सरळ एसटीत बसले. अंगावरच्या लुगड्यानिशी दौंडला आले.

महिनाभरात सासरचा निरोप आला की पंच बसवू आणि फारकत करून टाकू. आमच्यात ही जुनी रीत. पूर्वी पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की दोघं मोकळी. आता काडी गेली होती आणि स्टॅम्पपेपर आला होता. शिरूरला एका आडत्याच्या दुकानात बैठक ठेवली. कांद्याच्या पोत्यांवर पंच बसले होते. नवरा दाराशी बिडी ओढत होता, आणि दीर मधोमध खुर्चीवर. मी आप्पांशेजारी, पोरीला मांडीवर घेऊन. कागद आधीच लिहून तयार होता. मला म्हणाले, खाली सही कर.

मी सातवी पास होते. सही करायच्या आधी वाचायची सवय मला शाळेनं लावली होती, आणि त्या एका सवयीसाठी मी आजही त्या शाळेची ऋणी आहे. कागदात लिहिलं होतं की बाई मोकळी, नवरा मोकळा, कुणाचं कुणाकडं मागणं नाही. आणि शेवटच्या ओळीत, मुलगी बापाच्या ताब्यात राहील, बाईनं पुढं तिच्यावर हक्क सांगू नये.

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. "पोरी, कर सही," ते हळूच म्हणाले. "तू तरी जित्ती ऱ्हाशील."

माझ्या हातातला पेन इतका थरथरत होता की शाईचा थेंब कागदावर पडला. दीर हसले. म्हणाले, "अगं, भ्यायला काय झालं? मोकळी करतोय तुला, फाशी न्हाई देत." मी म्हणाले, "पोरीला बाहेर लागलीय." तिला लागली नव्हती. मी तिला उचललं, दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं, आणि तिथून जी चालत सुटले ती एसटी स्टँडवर. पुण्याची गाडी लागली होती. तिकडं माझं कुणी नव्हतं, पण तीच पहिली सुटणार होती. शिक्रापूर मागं पडेपर्यंत मी खिडकीतून मागं पाहिलं नाही, जीप दिसेल या भीतीनं. पुण्याला उतरून पॅसेंजर धरली आणि दौंडला परतले. आप्पा माझ्या आधी पोचले होते. ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस का वंगाळ केलंस, मला कळंना."

मलाही कळत नव्हतं. म्हणून दौंडच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वयस्कर वकिलांकडं आम्ही गेलो. त्यांच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा फिकी होती, आणि ते प्रत्येक वाक्यानंतर पानाची चंची शोधायचे. पण माणूस सरळ होता.

"तो कागद सही केला असता तर?" मी विचारलं.

"रीत तुमच्यात खरंच चालत आलीय असं कोर्टात शाबीत झालं, तर फारकत टिकते. नाही झालं तर नाही. पण तुम्ही मुलगी लिहून दिली असती, आणि मग ती परत मागत हिंडला असता."

मग त्यांनी मला बोटं दुमडून एकेक वाट सांगितली. नुसती पोटगी हवी असेल तर ती दौंडच्या कोर्टात मागता येते. घटस्फोट हवा असेल तर पुण्याला जिल्हा कोर्टात जायचं. कायदा नुकताच बदललाय, आता छळ शाबीत झाला तर त्यावरही घटस्फोट मिळतो. दोघांची राजीखुशी असेल तर वर्षभर वेगळं राहून दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं, हेही नवंच. आणि नाहीतर न्यायालयीन विभक्ती. म्हणजे लग्न कागदावर राहतं, पण बाईला नांदायला कुणी जबरदस्ती करू शकत नाही.

हे सगळं मी ऐकलं खरं, पण मला एकच विचारायचं होतं. "पोरगी कुणाची, वकीलसाहेब?"

"पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडं. पाचानंतर कायद्याच्या नजरेत बाप पालक." चंची सापडली तसे ते थांबले. "म्हणजे लगेच उचलून नेतात असं नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं. पण मग भांडावं लागतं."

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात पाच हा आकडा खिळ्यासारखा बसला. माघात तिला चार पुरी होणार होती. म्हणजे माझ्याकडं एक वर्ष आणि वर थोडे दिवस. घटस्फोट या शब्दाचीही मला तेव्हा धास्ती होती. वाटायचं, तो शब्द कागदावर उमटला की पोरीशी असलेलं नातंही सुटेल. म्हणून मी विभक्तीचा अर्ज केला, त्यातच पोरीचा ताबा मागितला, आणि शपथेवर लिहून दिलं की मुलगी चार वर्षांची आहे. त्याला उत्तर म्हणून नवऱ्यानं मी परत नांदायला यावं असा दावा लावला. ती नोटीस आली त्या दिवशी मी जेवले नाही. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हुकूम झाला तरी पोलीस तुम्हाला गाडीत घालून नेऊन बसवत नाहीत." मी मान हलवली आणि घरी येऊन दाराला आतून कडी लावली.

मला एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. आप्पा रुळांवर. पोरगी शेजारी ठेवायची. एकदा दुपारी मी औषधाच्या बाटल्या धुवत असताना शेजारीण धापा टाकत आली आणि म्हणाली, "आपल्या गल्लीत जीप आली व्हती. पोरीला गोळ्या देत व्हते. म्या आत वढली तिला." मी तशीच ओल्या हातांनी पळत गेले. पोरगी शेजारणीच्या घरात खेळत होती, गालात लिमलेटची गोळी. "मोठं काका आलं व्हतं," ती खुशीत म्हणाली. त्या दिवसापासून दुपार झाली की मला घाम फुटायचा.

अशा वेळी मला शाळा सुचली. शाळेला भिंत होती, भिंतीला दार होतं, दाराला कडी होती, आणि आत गुरुजी होते. अकरा ते पाच पोरगी आत, मी बिनघोर. अडचण एकच होती, पहिलीत घ्यायला सहा वर्षं पुरी लागत. आणि सहा पुरी झाली की नाही हे तेव्हा कुणी दाखल्यावरून बघत नव्हतं. दाखला असायचाच कुणाकडं? माझी पोरगी माहेरी, घरीच सुइणीच्या हातून झालेली. नोंद आप्पांनी केली असेल असं मला वाटलं, मी सांगितलं असेल असं आप्पांना वाटलं, आणि ती कुणीच केली नव्हती. शाळेत गुरुजी पोराला उभं करून सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर पोरगं सहाचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी ये.

माझ्या चार वर्षांच्या पोरीचा हात कानापर्यंत कुठून पोचणार? पण मी महिनाभर तिला रोज आरशापुढं उभी केली. "मान जरा कलती कर. अजून थोडी. खांदा वर उचल. आता धर बघू." तिला तो खेळ वाटायचा. पोचला की मी तिचा मुका घ्यायची, नाही पोचला की गप्प बसायची. शिवाय पढवलं, कुणी वय विचारलं तर सहा म्हणायचं. जूनमध्ये गुरुजींपुढं तिनं मान अशी काही वाकवली की कानच हाताकडं गेला. गुरुजींना कळलं असणार. माझ्याकडं एकदा पाहून ते म्हणाले, "बरं, एक जून लिवतो." गावोगावच्या शाळांतली निम्मी पोरं त्या काळात एक जूनलाच जन्मलेली असायची. फॉर्मच्या खाली मी सही केली. माझी सही वळणदार होती, आणि मी ती मोठ्या ऐटीत केली.

आपण काय करून ठेवलंय हे मला पुढं चार महिन्यांनी कळलं. तारखेच्या आधी वकीलसाहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात एक कागद होता, आणि या वेळी ते चंची शोधत नव्हते.

"बाई, ही सही तुमचीच ना?"

शाळेच्या रजिस्टरचा उतारा होता, सोबत मी सही केलेल्या फॉर्मची नक्कल. नवऱ्याच्या वकिलानं तो कोर्टात दाखल केला होता. मुलीला सहा वर्षं पुरी, खाली माझी सही. आणि आमच्या अर्जात त्याच मुलीला चार, खाली माझीच सही. एक शाळेपुढं, एक शपथेवर.

"यातलं एक तरी खोटं आहे," ते म्हणाले. "ते म्हणणार, पोरगी पाचाच्या वर आहे आणि आई लबाड आहे. आता काय सांगू मी त्यांना?"

मला रडूही आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं आडत्याचं दुकान आलं, शाईचा थेंब आला. तिथं सही केली नाही म्हणून मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. मी घाबरत विचारलं, "मला तुरुंगात घालतील का?" ते म्हणाले, "बघू." या दोन अक्षरांवर मी पुढचे आठ दिवस काढले. रात्रंदिवस पोरीला उलटं पढवत होते, वय विचारलं तर चार सांग, चार. ती गोंधळून माझ्या तोंडाकडं बघायची.

पुण्याच्या कोर्टात मी पोरीचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली. नवरा आणि दीर पलीकडच्या बाकावर. न्यायाधीशांनी आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं, दोन्ही वकिलांसकट. डोक्यावर पांढरे केस, आवाज खेड्यातून आलेल्या माणसाचा. त्यांनी उतारा वाचला आणि नवऱ्याच्या वकिलाला विचारलं, "वकीलसाहेब, तुमची जन्मतारीख काय?"

वकिलानं हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, "एक जून, साहेब."

"माझीही तीच," न्यायाधीश म्हणाले. कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. ते खुर्चीवर पुढं झुकून पोरीला म्हणाले, "बाळ, तुझं वय काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग विचार केला आणि इमानदारीत सांगितलं, "शाळंत सहा. घरी चार."

दीर खाकरले. मी टेबलाची कड धरली. न्यायाधीश म्हणाले, "असं होय? मग डोक्यावरून हात घेऊन कान धर बघू."

पोरीचा चेहरा उजळला. हे तर तिला येत होतं. महिनाभर गिरवलेलं. तिनं मान कलती केली, खांदा उचलला आणि कान पकडला. "धरला!" ती ओरडली, आणि मुक्याच्या आशेनं माझ्याकडं पाहू लागली. नवरा पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, संपलं. आजच नेतील, या खोलीतूनच नेतील, आणि माझ्याच शिकवणीनं नेतील.

न्यायाधीश उठले. टेबलाला वळसा घालून आले, तिच्यापुढं वाकले आणि दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं सरळ केलं. "आता धर."

तिची बोटं डोक्यावरून आली आणि केसांच्या रिबिनीपाशी थांबली. तिनं जोर केला. तोंड लाल झालं. कान चार बोटं लांबच राहिला. "आई, पोचंना," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगू शकत नव्हते की बाई गं, नको पोचवूस.

न्यायाधीश माझ्याकडं वळले. "शाळेत खोटं लिहून दिलंत?"

"व्हय, साहेब."

"का?"

कितीतरी उत्तरं घोकून आले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "शाळंला दार हाय, म्हणून." मग जीपचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, कपाळावरच्या तांब्याचं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला आणि नवऱ्याकडं बोट गेलं. वकीलसाहेबांनी माझी बाही ओढली तेव्हा थांबले. न्यायाधीश बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग मला त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं, पुन्हा असं केलंत तर गय करणार नाही म्हणाले. आणि हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडं राहील. बापानं रविवारी दौंडला येऊन आजोबांसमोर भेटावं.

परतीच्या गाडीत पोरगी मुसमुसत होती. आपण नापास झालो असं तिला वाटत होतं. मी तिला पोटाशी धरलं, पण मलाही कुठं पास झाल्यासारखं वाटत होतं? वकीलसाहेब निघताना म्हणाले होते, "हा हुकूम निकालापर्यंतचा हं. आणि माघात पाच पुरी होतील, मग ते परत अर्ज देतील." मी गाडीच्या खिडकीतून उरुळी, यवत, केडगाव मागं जाताना बघत बोटांवर महिने मोजत होते.

निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही. पुढं त्याला दुसरं लग्न करायचं झालं, तेव्हा तोच घाईला आला. नव्या कायद्यानं दोघांच्या सहीनं घटस्फोट झाला, आणि त्या कागदात शेवटच्या ओळीत मुलगी आईकडं असं लिहिलं होतं. ती ओळ मी तीनदा वाचली, मग सही केली. पोरगी माझ्याकडंच वाढली, शिकली, संसाराला लागली. तिच्या सगळ्या कागदांवर वाढदिवस आजही एक जूनच आहे.

पण मला जास्त करून आठवतो तो घटस्फोटाच्या आधीचा श्रावणातला एक दिवस. माघ होऊन गेला होता, पाच पुरी झाली होती. पुढची तारीख तोंडावर होती, आणि नवऱ्यानं पुन्हा अर्ज दिल्याचं कळलं होतं. आता मी तिला आरशापुढं उभी करत नव्हते. उलट आखूड झालेला परकर खाली सोडायलाही माझा हात होत नव्हता. त्या दिवशी मी चुलीपाशी होते. पोरगी शाळेतून पळत आली, दप्तर टाकलं, आणि माझ्यापुढं ताठ उभी राहिली. मान सरळ, खांदे सरळ. उजवा हात डोक्यावरून घेतला आणि कानाची पाळी चिमटीत पकडली.

"आई, बघ! मान न वाकवता पोचला!"

मी उठले आणि तिचा हात धरून खस्सकन खाली ओढला. "खाली घे! कुणाला दाखवायचं न्हाई, कळलं का? कुणाला म्हंजी कुणालाच न्हाई!" मी काय ओरडले ते पुरतं मला तेव्हाही समजत नव्हतं. हात सोडला तेव्हा तिच्या मनगटावर माझी चारही बोटं उठली होती.

ती रडली नाही. हात पाठीमागं लपवला, माझ्यावरची नजर न काढता दोन पावलं मागं सरकली, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तसं उभं राहणं मी ओळखलं. घोडनदीकाठच्या त्या घरात मी सहा वर्षं तशीच उभी राहत होते.